वाळवंटातली पाणपोई

आमच्या कॉलनीच्या गणपतीत मी वर्षानुवर्षं भालदार होतो. महाराज बदलले, सेनापती बदलले, एका वर्षी तर ऐतिहासिक सोडून पौराणिक नाटक घेतलं, तरी मी आपला पडद्याच्या डाव्या कडेला भाला धरून उभा. आवाज खणखणीत होता हो! पण अंगकाठी अशी की आमचे दिग्दर्शक म्हणायचे, "हा आणि भाला शेजारी उभे राहिले की भाला कुठला ते कळायला वेळ लागतो." त्यामुळे कोणाच्याही परवानगीशिवाय योद्धा व्हायची संधी समोर आली, तेव्हा मी ती दोन्ही हातांनी पकडली. दोन्ही हातांनीच. तिथेच घोटाळा झाला.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. कॉलेजची परीक्षा संपली होती आणि नाशकात दुपारी बाहेर पडणं शक्य नव्हतं. गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या मित्राकडे त्याची आतेबहीण अमेरिकेहून सुट्टीला आली होती. येताना तिने एक जाडजूड पुस्तक आणि पिशवीभर फासे आणले होते. कोणाला आठ बाजू, कोणाला बारा, एकाला तर चक्क वीस. पट नाही, सोंगट्या नाहीत. ती गोष्ट सांगणार, आम्ही त्या गोष्टीतली माणसं होऊन काय करतो ते बोलणार आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवणार. गोष्ट वाळवंटातली होती. एका दरोडेखोर सरदाराने तिथला किल्ला बळकावून तांड्यांची वाट अडवली होती आणि आम्ही ती मोकळी करायची होती.

ती मराठी शिकली होती आजीकडून आणि आजीच्या कपाटातल्या पोथ्यांवरून. आम्हाला पहिल्याच दिवशी म्हणाली, "आपण सावध असावे. ज्याचा योद्धा निवर्तला, तो खेळातून बाद."

"निवर्तला म्हणजे?" मित्राने विचारलं.

"म्हणजे गेला रे, लेका," मी म्हणालो.

बाद म्हणजे कायमचा बाद. तीन आठवड्यांनी ती परत जाणार, पुस्तकही तिच्याबरोबर जाणार. असला खेळ पुन्हा नाशकात कधी येईल कोण जाणे. शिवाय मित्राची मोठी बहीण, जिला आम्ही सगळेच ताई म्हणायचो, खालच्या खोलीत बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत कोणाची तरी जागा रिकामी व्हायची वाट बघत होती. रोज दुपारी कोकम सरबत घेऊन वर यायची आणि दारातूनच विचारायची, "गेलं का कोणी?"

तर मला मरायचं नव्हतं. शेवटच्या दिवसापर्यंत रंगमंचाच्या मधोमध उभं राहायचं होतं.

प्रत्येकाने फासे टाकून सहा आकडे काढायचे आणि सहा गुणांना वाटून द्यायचे. बल, चापल्य, सहनशक्ती, बुद्धी, विवेक आणि प्रभाव. आमच्यातला तिसरा पंचवटीतला, घरी यात्रेकरूंचे विधी चालवणारा. त्याने वीस बाजूंचा फासा आधी कपाळाला लावला आणि मग टाकला. तो मांत्रिक झाला. "घरचाच धंदा आहे," म्हणाला. मित्र तिरंदाज झाला, कारण लांबून मारता येतं. माझे पाच आकडे झकास आले आणि सहावा असा दळभद्री की तो कुठे लपवावा हेच कळेना.

"बुद्धीत टाक," मित्र म्हणाला. "कोणाला फरक जाणवायचा नाही."

मी चार दिवस त्या एका आकड्याचा विचार करत हिंडलो. बल कमी करावं तर योद्धा कसला? चापल्य कमी करावं तर तलवार हातातून निसटणार. प्रभाव म्हणजे आपण आलो की लोकांनी वळून बघणं, तो तर देवाने मागितला तरी मी सोडला नसता. आईला विचारलं. ती म्हणाली, "वाळवंटात जायचंय ना? मग टोपी घाल." शेवटी मी तो आकडा सहनशक्तीच्या गळ्यात बांधला. सहनशक्ती प्रेक्षकांना दिसत नाही.

"आपण पुन्हा विचार करावा," ती अमेरिकेहून आलेली सरस्वती म्हणाली. "ऊन फार आहे."

"आम्ही नाशिककर आहोत," मी छाती काढून सांगितलं. "उन्हाचं आम्हाला काय सांगता!"

मग शस्त्रं. पुस्तकात ढाल-तलवार होती, भाला होता (त्या पानाकडे मी बघितलंही नाही) आणि दोन्ही हातांत एकेक तलवार घेऊन गरगर फिरणारा एक वीर होता. बस्स! दोन तलवारी, पोलादी चिलखत, लाल तुरा लावलेलं शिरस्त्राण. ओझ्याला मर्यादा होती, म्हणून तुऱ्यासाठी मी पाण्याची पखाल कमी केली. मित्राने बाण वाढवले. मांत्रिकाने भस्म घेतलं. पाणी घ्यावं असं तिघांपैकी कोणालाच वाटलं नाही. आमच्या अंगात ते नव्हतंच. नाशकातून निघालेला माणूस पाणी घेऊन कुठे जातो?

दोन दिवस मी अप्रतिम लढलो. विंचू कापले, बोलणारे सांगाडे कापले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आपले जल संपले. आपण तृषार्त आहात. काय करणार?"

"पाणपोईवर पिऊ," मी म्हणालो.

"पाणपोई म्हणजे काय?"

 हा प्रश्न आम्हाला आयुष्यात कोणी विचारलाच नव्हता.

"रस्त्यात असते. पाणी प्यायला."

"कोणाची?"

"कोणाचीही. वडिलांच्या स्मरणार्थ वगैरे."

"वाळवंटात कोणाचे वडील?"

"तांडेवाल्यांचे! इतके व्यापारी या वाटेने जातात, त्यांच्यातल्या एकाचे तरी वडील वारले असतील की नाही?"

तिने पुस्तक उलटंपालटं केलं. पाणपोई नव्हती. मी उभा राहिलो. माझा प्रभाव त्या दिवशी असा काही फुलला! म्हणालो, "तुमच्या पुस्तकात हाडं बोलतात, ते चालतं, आणि सावलीत एक रांजण ठेवला तर चालत नाही? हे लिहिणारा कधी घराबाहेर पडलाय का?"

ती हसली. म्हणाली, "मला दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला सीबीएस बसस्टँडजवळच्या पाणपोईवर नेलं. पत्र्याच्या आडोशाला ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण आणि मागे एक तिरसट म्हातारा. ती एका हातात पर्स धरून दुसरा हात पुढे करायला लागली, तर तो खेकसला, "दोनी हात! पिशवी ठिव खाली. वाक. आन् पिताना बोलू नको." त्याने लांब दांड्याच्या ओगराळ्याने वरून धार सोडली. निम्मं पाणी तिच्या ओंजळीत, निम्मं कोपरांवरून थेट कपड्यांवर. ती खिदळत होती आणि म्हातारा आणखी चिडत होता.

दुपारी गच्चीवरच्या खोलीत तिने जाहीर केलं, "वाळवंटात पाणपोई आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ती गोड आवाजात म्हणाली, "ओंजळीला दोन हात लागतात. आपल्या तलवारी कुठे आहेत?"

"वाळूत खोचल्या," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"आपण एक ओंजळ प्यालात. तेवढ्यात पलीकडून एकटा घोडेस्वार येतो. दरोडेखोरांचा सरदार. तोही तृषार्त आहे. तो शस्त्र खाली ठेवतो, वाकतो, डोळे मिटून पाणी पितो."

"मार!" मित्र ओरडला. "आत्ता मार, पुन्हा असा सापडायचा नाही!"

"पाणी पिताना नको रे," मांत्रिक म्हणाला. "आमच्यात जेवणाऱ्याला मध्येच उठवत नाहीत."

"तुमच्यात जेवणारा उठतच नाही!"

मला फक्त चित्र दिसत होतं. लाल तुरा, दोन तलवारी, मधोमध मी. "मारतो!" म्हटलं आणि फासा टाकला. आला की हो मोठा आकडा! सरदार ओंजळीसकट आडवा. मी खोलीभर नाचलो. मोहीम जिंकली, किल्ला पडल्यात जमा, आणि मी जिवंत!

"पाणपोईवरचा म्हातारा ओगराळे मागे घेतो," ती म्हणाली. "म्हणतो, पाणी पिणाऱ्याला मारलेस. तुला जल मिळणार नाही."

"मी त्याला बाजूला सारतो."

"रांजण तळाला गेला आहे. विहीर कुठे ते फक्त त्यालाच ठाऊक."

"मग हे दोघं मला देतील."

"जो देईल, त्यालाही मिळणार नाही."

माझे जिवाभावाचे सोबती एकदम छताकडे बघायला लागले.

"आपली सहनशक्ती किती?" तिने हळूच विचारलं. तो आकडा खोलीतल्या सगळ्यांना पाठ होता.

मी मेलो. पण साधा मेलो नाही. इतक्या वर्षांची तुंबलेली भाषणं त्या दुपारी बाहेर आली. मातृभूमीला निरोप दिला, मित्रांना शाप दिले, तुऱ्याला उद्देशून चार ओळी म्हटल्या. ताई सरबत घेऊन आली. "गेला का?"

"जातोय," मांत्रिक म्हणाला. "मघापासून जातोय."

मी सरबताचा ग्लास संपवला आणि प्राण सोडला. ताई लगेच माझ्या जागेवर बसली. तिने सगळे चांगले आकडे सहनशक्तीत घातले आणि पाठीवर दोन पखाली घेतल्या. दुसऱ्या दिवशी मी खालच्या खोलीत तिच्या गाइडची पानं उलटत बसलो होतो. वरून हसण्याचे आवाज येत होते. खोटं कशाला बोलू, वाईट वाटत होतं.

जिना उतरून ती अमेरिकेची आली. "किल्ल्यावरून परत येताना सगळे पाणपोईवर थांबणार आहेत. म्हाताऱ्याचे बोलणे मला जमत नाही. माझा म्हातारा कीर्तनकारासारखा बोलतो. आपण कराल?"

"मला शस्त्र काय?"

"ओगराळे."

मी दोनदोन पायऱ्या चढत वर गेलो. खांद्यावर पंचा टाकला, पाठीला पोक काढलं, डोळे बारीक केले. ताईकडे स्वतःचं पाणी होतं, तरी तिलाही रांगेत उभं केलं. तिघांचीही शस्त्रं काढून घेतली, ओंजळी धरायला लावल्या आणि चौकशी सुरू केली. कुठले? कोणाचे? इतक्या उन्हाचे कशाला निघाले? घरी सांगून आले का?

"आजोबा, पाणी द्या हो," मित्र रडकुंडीला आला. "हात दुखायला लागले."

फासे तसेच पडून होते. ती पोट धरून हसत म्हणाली, "अहो, आपण पाणी केव्हा देणार?"

"देतो की," मी म्हणालो. "घाई काय हाय? या बाईचं माहेर कुठलं, ते इचारायचं ऱ्हायलंय."