साक्षीदाराला काय काय मिळतं

ओमानात असताना शुक्रवारी सकाळी मी अल खौदहून रुसैलला, कंपनीच्या कामगारांच्या वसाहतीत, इंग्रजी शिकवायला जायचो. मी मास्तर नव्हतो. त्याच कंपनीत डिस्पॅचला क्लार्क होतो. आम्ही ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचो. शिकवायची हौस म्हणजे खरं तर नाटकाची हौस. वर्ग भरायचा मेसच्या हॉलमध्ये आणि वर्ग संपल्यावर तिथेच जेवण वाढलं जायचं, त्यामुळे मधून कोणी उठून जात नसे. इतका बांधील प्रेक्षक मला पुन्हा मिळालेला नाही.

धडे मी इंटरनेटवरून, ऑफिसच्या प्रिंटरवर, जसे हाती लागतील तसे काढायचो. विमानतळ झाला, दवाखाना झाला, छंद झाले. छंदांनंतर आलं विटनेस प्रोटेक्शन. हा क्रम कोणी लावला ठाऊक नाही, पण मला आनंदच झाला. मी टॉवेल खांद्यावर टाकून न्यायाधीश झालो, तोंडाला बांधून गुंड झालो आणि वेळ पडली तेव्हा स्वतःच्याच हातून मेलोही.

"एकानं गुन्हा पाहिला, तो विटनेस," मी जमिनीवरून उठत म्हणालो. "तो कोर्टात सांगणार, म्हणजे टेस्टिफाय करणार. गुंड म्हणतो मारीन, ती थ्रेट. मग सरकार त्याला दुसऱ्या गावी नेऊन ठेवतं, ते रीलोकेट. नवं नाव, नवे कागद, ती न्यू आयडेंटिटी."

मग चिपळूणच्या पेंटरनं हात वर केला.

"सर, अकोमोडेशन कोणाचं?"

"सरकारचं."

"फॅमिली स्टेटस?"

धड्यात बायकामुलं सोबत जात होती. मी तसं सांगितल्यावर हॉलमध्ये कुजबुज झाली, कारण तिथल्या एकालाही कुटुंब आणायची परवानगी नव्हती.

"एजंट किती घेतो?"

"एजंट नसतो रे. गुन्हा पाहावा लागतो."

"पाहू की. आणि पहिल्या कंपनीची एनओसी?"

हा प्रश्न मोलाचा होता. त्या काळी जुन्या मालकाची एनओसी नसेल, तर नोकरी सोडून गेलेल्या माणसाला दोन वर्षं ओमानात परत येता येत नसे. मी म्हणालो, नावच नवं म्हटल्यावर कसली एनओसी? यावर हा व्हिसा सर्वांत चांगला, असा ठराव एकमतानं झाला.

फक्त एसी मेकॅनिकचा हात खाली होता. रत्नागिरीच्या किनाऱ्याकडचा मुसलमान, वयानं सगळ्यांत मोठा, सगळ्यांचा चाचा.

"म्हंजे सीआयडीच ना," तो म्हणाला. "सायबाला जाऊन सांगनारा. त्याला घर देतात?"

वसाहतीत चुगली करणाऱ्याला सीआयडी म्हणत, आणि सीआयडीच्या शेजारी कोणी जेवायला बसत नसे.

त्याच आठवड्यात गोदामात फोर्कलिफ्टचा धक्का लागून काचांचा एक अख्खा पॅलेट फुटला. स्टोअरकीपर आपल्याच कोकणातला, पण त्यानं ऑफिसात सांगितलं, ड्रायव्हरनं ठोकली. ड्रायव्हर गुहागरचा, माझ्याच वर्गातला. पिंपांच्या मधून गाडी उलटी काढायच्या परीक्षेत कितीतरी वेळा नापास होऊन त्याला इथलं लायसन्स मिळालं होतं. तो म्हणत होता, मी पाणी प्यायला गेलो होतो, चावी गाडीलाच होती. कोणी ऐकेना. सेफ्टी ऑफिसर दोन्ही बाजू ऐकणार होता, आणि निकाल विरुद्ध गेला तर ड्रायव्हरची परतीच्या तिकिटावर रवानगी.

चाचा मला ऑफिसच्या मागे गाठून म्हणाला, "मास्तर, मी वर छपरावर व्हतो. गाडी त्या स्टोअरवाल्यानंच ठोकलीन. मी बगितलंय."

"मग सांगा ना जाऊन!"

"सांगू? ओव्हरटाइम तोच लावतो. आनि सगले सीआयडी म्हनतील ते येगलंच."

"सेफ्टीसाहेबाला हिंदी उत्तम येतं, चाचा. दोन मिनिटांचं काम."

"हिंदीत सांगितलं की चुगली होते," चाचा शांतपणे म्हणाला. "इंग्लिशमधी सांगितलं तर टेस्टिफाय. तू मला इंग्लिश शिकव."

मी आयुष्यात पहिल्यांदा नाटक न करता शिकवलं. चाचाला 'सॉ' म्हणता येईपर्यंत माझा घसा बसला. वर्गातल्यांनी आपल्या बाजूनं जाहीर केलं, की चाचाला जो सीआयडी म्हणेल त्याच्या ताटात मासळी पडणार नाही. कूक वर्गातलाच होता.

सेफ्टी ऑफिसर ओमानी, तरुण, फार सभ्य. केबिनमध्ये ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता, स्टोअरकीपर खुर्चीत होता. मला कागदपत्रांच्या निमित्तानं शिरता आलं.

"बोलो चाचा, क्या देखा?" साहेबानं विचारलं.

"आय ॲम विटनेस," चाचा म्हणाला.

"अच्छा. हिंदी में बोलो, आराम से."

"नो सर. आय टेस्टिफाय." चाचानं श्वास घेतला. "आय ऑन रूफ. आय सॉ. ड्रायव्हर ड्रिंकिंग वॉटर. फोर्कलिफ्ट, स्टोअरकीपर. ग्लास, खलास. आय वाँट प्रोटेक्शन."

"फ्रॉम हूम?"

चाचानं खुर्चीकडे बोट केलं. "फ्रॉम हिम. ही गिव्ह ओव्हरटाइम."

साहेब हसला नाही. त्यानं सगळं लिहून घेतलं, छपरावर जाऊन उभा राहिला, चाचाला कुठून काय दिसतं ते स्वतः पाहून आला. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी फोर्कलिफ्टवर होता.

साहेबानं अहवाल मस्कतच्या मुख्य ऑफिसला पाठवला. त्यात दोन शिफारशी होत्या. स्टोअरकीपरला शिक्षा म्हणून इथून हलवावं. साक्षीदाराला त्रास होऊ नये म्हणून त्यालाही इथून हलवावं. दोन्ही मंजूर झाल्या. रुसैल सोडून कंपनीची एकच जागा होती, सोहारची औद्योगिक वसाहत.

रविवारी दोघं एकाच व्हॅननं गेले. ड्रायव्हर निरोप द्यायला आला होता. त्यानं चाचाच्या हातात सुक्या कोळंबीचा डबा दिला, पायाला हात लावला, आणि मग काय करावं ते न कळून स्टोअरकीपरची बॅगही व्हॅनमध्ये चढवली.

"मास्तर," चाचा खिडकीतून म्हणाला, "रीलोकेट रीलोकेट म्हनतात ते ह्येच काय?"

मी मान हलवली. शिक्षक म्हणून मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

पुढे फोन केला तेव्हा कळलं, सोहारला दोघांना खोलीही एकच मिळाली होती. तिथे मराठी बोलणारे तेवढे दोघंच.

"बोलतो का तुमच्याशी?" मी विचारलं.

"आधी नाय बोलायचा. मंग ताप आला त्याला. मी पेज करून दिली. खाल्लीन. म्हनाला, चाचा, मीठ जास्त झालंय."

"मग?"

"मंग मी म्हनलं, उद्या तू कर. आज त्यानं केलीन. आता जेवतोय आमी, फोन ठेव."