मजल्यावरच्या तीन सह्या

डोंबिवलीत घर शोधायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मी बॅचलर आहे. हा शब्द मुलग्यांसाठी असतो असं मी शाळेत शिकले होते. एजंटने फोनवर विचारलं, "मॅडम, फॅमिली का बॅचलर?" मी म्हटलं, "मी मुलगी आहे." तो म्हणाला, "हां, मग बॅचलरच. नाय चालणार."

फॅमिली मला होती, पण ती मस्कतला होती. माझा जन्मही तिथलाच. बाबा तिथे एका कंपनीचं स्टोअर सांभाळायचे. कंपनी बंद झाली, आणि तिथे नोकरी गेली की काही आठवड्यांत राहण्याचा परवानाही संपतो. मला ठाण्यात माजिवड्याला एका ऑफिसात नोकरी लागली होती, म्हणून मी आधी आले. आई-बाबांच्या हातात पाच आठवडे होते. तेवढ्यात घर शोधायचं, एवढं एकच काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. घर मिळायला फॅमिली दाखवावी लागत होती आणि फॅमिली आणायला घर हवं होतं.

तोवर मी कल्याणला आत्याकडे राहत होते. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि माझ्याआधीच चार माणसं. माझी गादी फ्रिजसमोर पडायची. आत्याला पहाटे डबे करायचे असत, म्हणून ती उठायच्या आत मी गादी गुंडाळून ठेवायचे. आत्या कधी काही बोलली नाही. पण तिची बारावीतली मुलगी मी आल्यापासून जिन्यात बसून अभ्यास करत होती, आणि ते मला दिसत होतं. त्या घरात आणखी दोन माणसं मावणार नव्हती.

ऑफिसातल्या मुली म्हणाल्या, घोडबंदर रोडला बघ. एका संध्याकाळी गेले. बस माजिवड्यापासूनच मुंगीच्या पावलांनी चालली होती. तिथल्या उंच इमारतीतलं एका बेडरूमचं भाडं ऐकून मी थँक यू म्हटलं आणि परत फिरले. मग डोंबिवलीच. पाच घरं बघितली, पाच नकार. सहावं घर चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. मालक निवृत्त शिक्षक, मुलाकडे पुण्याला गेलेले. फोनवर म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही बाळा. सोसायटीचं नाहरकत पत्र आण, ॲग्रीमेंट करून टाकू."

मस्कतला व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही. त्यामुळे आईचं-माझं बोलणं व्हॉइस नोटवर चालायचं. तिला घराबद्दल एकच गोष्ट हवी होती. "स्वयंपाकघराला खिडकी आहे का बघ. बाकीचं मी आल्यावर बघून घेईन."

या स्वयंपाकघराला खिडकी होती.

रविवारी सकाळी कमिटी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसली होती. मी तयारी करून गेले होते. इंग्रजीत टाईप केलेला अर्ज, ऑफिसचं पत्र, पासपोर्टच्या प्रती, वर अनुक्रमणिका. सेक्रेटरी काकांनी फाईल उघडली, दोन पानं उलटली आणि शेजारी बसलेल्या खजिनदारांपुढे धरली.

"बायोडेटा जोडलाय हिने."

"अहो, मग वॉचमनची जागा रिकामी आहे का विचारा तिला," खजिनदार म्हणाले. सगळे हसले. चेहऱ्याचं काय करायचं ते न कळून मीही हसले.

"गाव कुठलं तुमचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मस्कत."

"ते कुठे आलं? संगमेश्वरच्या अलीकडे का पलीकडे?"

आडनाव कोकणातलं, त्यामुळे ते काय विचारतायत हे मला कळत होतं. बाबांचं गाव देवरुखजवळ आहे. सगळ्या सुट्ट्या मिळून मी तिथे पंधरा दिवस राहिले असेन. तेवढ्यावर त्याला माझं गाव म्हणायचं मला जमलं नाही.

"इकडे कोण आहे तुमचं?"

"आई-बाबा अजून यायचेत," मी म्हटलं. आत्याचं नाव घेतलं नाही. तिच्या घरी आधीच माझी अडचण होती, त्यात कमिटीचे फोन कशाला, असं वाटलं.

सेक्रेटरींनी फाईल मिटली. "हे बघा, त्या घरात आधी चार मुलं होती. फार मनस्ताप झाला सगळ्यांना. तुमच्या मजल्यावरच्या तिन्ही घरांनी हरकत नाही असं लिहून दिलं, तर आमचीही नाही. पुढच्या रविवारी आणा."

खजिनदारांनी मान खाली घातली ती हसू लपवायला. नाही म्हणण्याची ही त्यांची पद्धत होती. ही मुलगी तीन बेल वाजवणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं. शाळेत तोंडी परीक्षा नको म्हणून मी आजारी पडायचे. मस्कतच्या इमारतीत लिफ्टपाशी कुणी उभं दिसलं की जिन्याने जायचे.

घरी आत्या भडकली. "इकडे कुणी नाही म्हणालीस? अगं, कल्याणला सख्खी आत्या आहे, ती काय मेली होती? चल उद्या माझ्याबरोबर. दोन मिनिटांत सह्या घेते की नाही बघ."

तिने घेतल्या असत्या. मला तिला हो म्हणायचं होतं, फार म्हणायचं होतं. पण त्या दारांशेजारी राहायचं मला होतं. पहिली बेल आत्याने वाजवली असती, तर दुसरी मी कधीच वाजवली नसती. मी नको म्हटलं. फक्त एक वही मागितली.

मराठी लिहायला मला आईने शुक्रवारच्या सुट्टीत शिकवलं होतं, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. चार कागद फाडून पाचव्यावर नीट उतरलं: 'मी आणि माझे आईवडील आपल्या मजल्यावर राहायला येऊ इच्छितो. आपली हरकत नसल्यास कृपया सही करावी.'

सोमवारी ऑफिसनंतर पहिली बेल वाजवली. बनियनवर एक काका बाहेर आले.

"काय विकताय?"

"काही नाही."

"मग?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि आत हाक मारली, "अगं बाहेर ये, ही काहीच विकत नाहीये." मग काकू आल्या. साताऱ्याकडच्या. सहीला दहा सेकंद लागले. त्याआधी माझा पगार, माझं लग्न, मस्कतचं ऊन आणि तिथे भाकरी मिळते का, यात अर्धा तास गेला. निम्म्या प्रश्नांना मी नुसतं हसले. भाकरी मात्र मिळते म्हणाले, आई करते.

दुसऱ्या दाराला तीन दिवस कुलूप होतं. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, मी ऑफिसच्या आधी पावणेसातला जिन्यात जाऊन उभी राहिले. माझ्याहून थोडी मोठी मुलगी नवऱ्याबरोबर हेल्मेट घेऊन बाहेर पडत होती. तिने कागद भिंतीवर धरून सही केली. "आमची कसली हरकत! आम्ही इथे फक्त झोपायला येतो." दोन पायऱ्या उतरून ती मागे वळली. "समोरच्या काकूंकडे जपून हां."

समोरच्या काकू एकट्या राहायच्या, आईच्या वयाच्या. त्याच संध्याकाळी गेले. त्यांनी आतलं दार उघडलं, जाळीचं दार उघडलं नाही. आई-बाबा येणार आहेत म्हणून सांगितलं, तर कागद बघायलाही तयार नव्हत्या.

"मागच्या वेळी पण हेच बोललेले. काकू, आई येणारे, काकू, आई येणारे. वर्षभरात एकाची पण आई नाय आली." आणि दार लावून घेतलं.

कल्याणला जाईपर्यंत मी त्यांच्यावर चिडले होते. रात्री गादी घालताना मात्र वाटलं, त्या खोटं काहीच बोलल्या नव्हत्या. आई येणार हे माझ्या शब्दावर त्यांनी का मानावं?

शनिवारी परत बेल वाजवली.

"परत आलीस?"

"हो."

"सही नाय देणार."

"नका देऊ. आईला ऐका फक्त." मी जाळीसमोर फोन धरला आणि सकाळीच आलेली व्हॉइस नोट लावली. मी स्वतःही ती पूर्ण ऐकली नव्हती.

आई नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलत होती. "हे बघ, मसाल्याचा डबा मी आणणारच. तुझे बाबा म्हणतात विमानतळावर पकडतील. पकडू देत, सांगेन, मग तुम्हीच भाजून द्या. आणि ऐक, समोरच्या बाईंना विचार, सिलिंडर कुठल्या वारी येतो. दूध कुठलं घेतात तेही विचार. पहिल्या दिवशी दूध उतू घालायचंय, ताजं हवं. त्या रागावल्या तरी विचारून ये. शेजार आहे तो, लाजायचं काय त्यात? तू ना, बापावर गेलीस अगदी."

मी घाईने फोन खाली घेतला. काकू जाळीमागे तशाच उभ्या होत्या.

"परत लाव."

मी परत लावली.

"सिलिंडरला वार नसतो म्हणावं. नंबर लावायला लागतो," त्या म्हणाल्या. "कधी येणार?"

"पुढच्या शनिवारी. सकाळच्या विमानाने."

"तिकीट दाखव."

मी दाखवलं. त्यांनी चष्मा आणला, दोन्ही नावं वाचली आणि मग जाळीचं दार उघडलं. सही करून कागद देताना म्हणाल्या, "नाही आली ना तुझी आई, तर कमिटीकडे पहिली तक्रार माझी."

"करा," मी म्हटलं. मनात आधी जुळवून न बघता बाहेर पडलेला त्या आठवड्यातला तो माझा पहिला शब्द.

रविवारी सेक्रेटरी काकांनी तिसरी सही बराच वेळ बघितली. "हिने दिली?" त्यांनी खजिनदारांना विचारलं. खजिनदारांनी खांदे उडवले आणि शिक्का पुढे सरकवला. उरलेला आठवडा ॲग्रीमेंट आणि पोलीस व्हेरिफिकेशन यात गेला. तिथेही प्रत्येक खिडकीवर काय विचारायचं ते मीच विचारलं. आत्या एकदाच बरोबर आली, आणि तेव्हाही बाहेर बाकावर बसून राहिली. हे तिला फार जड गेलं असणार.

शनिवारी टॅक्सी आली. बाबा बॅगा मोजत खाली थांबले. आई मसाल्याचा डबा छातीशी धरून माझ्यामागून जिना चढली. दुसऱ्या मजल्यावर समोरचं जाळीचं दार आधीच उघडं होतं. काकूंनी आईला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"आलात?"

"आलो बाई."

"दूध आणून ठेवलंय. फ्रिजमध्ये आहे. आधी चहा घ्या."

आई चपला काढून सरळ त्यांच्याकडे आत गेली. आमच्या दारासमोर मी एकटीच उरले. कुलूप काढलं आणि जाऊन स्वयंपाकघराची खिडकी उघडली.