हीटर वजा केलेली गाडी

कुवेतमधल्या महबूलाच्या किनाऱ्यावर तेव्हा आजच्यासारख्या इमारती नव्हत्या. वाळू, दोन-चार घरं आणि समुद्र. तिथे एका दुपारी मी ती गाडी पहिल्यांदा बघितली. पिकअप ट्रक आणि त्याच्या पाठीवर बसवलेली पत्र्याची खोली. आत छोटा ओटा, गॅसची शेगडी, बसायला बाकडं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर येईल असा झोपायचा माळा. मालक म्हणजे एक म्हातारं गोरं जोडपं. या गाडीतून ते दोन वर्षं दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत हिंडले होते. मग गाडी बोटीवर चढवून आणखी बरंच जग बघितलं. आता म्हाताऱ्याचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून गाडी इथेच विकून दोघं विमानानं घरी निघाले होते.

तिकिटं काढून बसलेला माणूस काही विकायला आला की भाव कोण ठरवतो, हे मला शिकवायची गरज नव्हती. मी कुवेतला आलो तो गॅरेजमध्ये गाड्या धुवायला. तिथून उठून सुलैबियाला जुन्या ट्रकच्या पार्टांचं दुकान उभं केलं. कागदावर ते कफिलाच्या, म्हणजे मला व्हिसा देणाऱ्या कुवेती मालकाच्या, नावावर असलं तरी त्यातला एकेक नट मी घासाघीस करून आणलेला होता.

पण ही गाडी मी दुकानासाठी घेत नव्हतो. महिनाभर आधी माझ्या मेहुण्याचं पत्र आलं होतं. आमच्या मुलीचं नाव त्यानं त्यांच्या तालुक्याच्या शाळेत घालायचं पक्कं केलं होतं, हेडमास्तरांशी बोलूनही झालं होतं. ‘येत्या जूनपर्यंत ताईला आणि भाचीला पाठवून द्यावे.’ द्यावे! मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. माझ्या दुकानातलं टायर कुणी मला न विचारता इकडचं तिकडे करत नाही, आणि ही तर माझी मुलगी. त्या दिवशी मी दोन कप फोडले. बायकोनं तुकडे गोळा केले आणि पत्र घडी घालून डब्यात ठेवलं. ‘जाऊ नको’ असं मी म्हणालो नाही आणि ‘जाते’ असं तीही म्हणाली नाही.

ती भोरच्या मागच्या घाटातली. कुवेतला आल्यावर पहिल्याच आठवड्यात गच्चीवरून चारी बाजूंना बघून म्हणाली होती, “इथे नजर टेकवायला काही नाही हो.” मला वाटलं, ती जायला निघाली आहे ते डोंगरासाठीच. मग तिला डोंगर दाखवू. इराकमधून वर गेलं की तुर्कस्तानात हवे तेवढे डोंगर आहेत. मेहुण्याच्या शाळेपेक्षा माझा डोंगर मोठा ठरेल, असं माझं गणित होतं.

म्हातारीनं बायकोला आत नेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी अर्धा तास त्या बाहेर आल्या नाहीत. माळ्याच्या बाजूच्या लाकडी फळीवर पेन्सिलीनं एक यादी लिहिली होती. कुठल्या कुठल्या खिंडी, त्यांची उंची आणि समोर एखादा शब्द. म्हातारी बोट ठेवून एकेक खिंड दाखवत होती आणि अंगावर काटा आल्याचं, धाप लागल्याचं नाटक करून बायकोला हसवत होती.

बाहेर मी म्हाताऱ्याला घाम फोडत होतो. टायर गुळगुळीत, पत्रा गंजका, स्टेअरिंगला ढिलाई. शेवटी तो एका आकड्यावर हटून बसला. तेव्हा मी आत डोकावलो. ओट्याखाली गॅसवर चालणारा हीटर बसवलेला होता.

“हा काढून घ्या आणि तेवढे कमी करा,” मी म्हणालो.

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. “हीटर?”

“माय फ्रेंड, हे कुवेत आहे. इथे तर पंख्यालासुद्धा घाम येतो.”

“डोंगरात लागेल,” तो म्हणाला.

विकणारा माणूस दुसरं काय म्हणणार? तेवढ्यात बायको आतून म्हणाली, “अहो, राहू द्या की तो.”

“तू मध्ये बोलू नकोस. कुवेतमध्ये हीटर घेणारा माणूस पाहिलायस कधी?”

म्हाताऱ्यानं हीटर काढला. पंचवीस दिनार कमी झाले. जाताना म्हातारीनं बायकोचे दोन्ही हात हातात घेतले. माझ्याकडे बघून मात्र तिनं नुसती मान हलवली.

ईदच्या सुट्टीला जोडून दुकान बंद ठेवलं आणि आम्ही तिघं निघालो. मुलगी साडेचार वर्षांची. इराकचा सपाट रस्ता संपता संपेना. तिसऱ्या दिवशी दुपारी पहिला डोंगर दिसला. बायकोनं काच खाली केली आणि खिडकीबाहेर चेहरा धरून बसली. मी आरशात तिला बघत नुसती गाडी चालवत राहिलो. मनात म्हटलं, जिंकलो.

पाचव्या दिवशी ऊन कलत असताना एका मोठ्या खिंडीशी पोलिसानं हात आडवा केला. पुढे बर्फ पडलं होतं, रस्ता सकाळी उघडणार होता. ट्रकांची रांग लागली होती, तिच्यात आम्हीही थांबलो. सूर्य डोंगराआड गेला आणि कुणी दार उघडं टाकून जावं तशी थंडी आत शिरली. केबिनमधल्या हीटरचा पाइप गळतो म्हणून मी तो कुवेतमध्येच तोडून टाकला होता. तिथे सगळेच तसं करतात. खोलीतल्या हीटरच्या जागी तर भोकच होतं, आणि मी ते पुठ्ठ्यानं बंद केलं होतं.

मुलीचे ओठ निळसर दिसायला लागले. मी दार लावून शेगडी पेटवली. बायकोनं लगेच विझवली.

“अगं, पोर गारठलीय!”

“बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. आमच्या घाटात माहीत आहे हे सगळ्यांना. चहापुरती पेटवू, दार उघडं ठेवून.”

मग तिनं बाकड्याखालून एक पिशवी ओढली. तिच्यात कानटोप्या, लोकरीचे मोजे, माझे दोन जुने स्वेटर आणि तीन जाड चादरी होत्या. चाळीस अंशांत तिनं हे कुठून जमवलं असेल? अर्ध्या कुवेतमधल्या मराठी नर्सबायकांकडून, असं नंतर कळलं. सुट्टीला घरी जाताना लागतात म्हणून त्यांनी ठेवलेले कपडे ती एकेकीकडून मागून आणत होती. हीटर निघाला त्याच दिवसापासून.

मी टोमण्याची वाट बघत होतो. तो मारला असता तर मी ओरडलो असतो, आणि ओरडल्यावर मला बरं वाटलं असतं. पण तिनं मला कानटोपी घातली, लहान मुलाला घालतात तशी, हनुवटी धरून. मग आम्ही तिघं माळ्यावर चढून एका गठ्ठ्यात बसलो. मुलगी मध्ये. खिडकीतून वरच्या बर्फावर उरलेला गुलाबी उजेड दिसत होता.

आमच्या गठ्ठ्यात ऊब धरली, तसं मी विचारलं, “तुझा भाऊ लई शहाणा समजतो का स्वतःला?”

“त्याचा काही दोष नाही,” ती म्हणाली. “शाळेचं बघ म्हणून मीच लिहिलं होतं त्याला.”

मला थंडीचा विसर पडला. “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही घासाघीस केली असती. जूनचा डिसेंबर केला असता, शाळेऐवजी शिकवणी देऊ केली असती, मला सोन्याचं काहीतरी घेऊन दिलं असतं. आणि मी कुठेतरी मान्य केलं असतं. ही एक गोष्ट मला भाव करून नको होती. ही शेजारच्या पोरांशी इंग्रजी बोलते, बाहेर अरबी ऐकते, आणि तिच्या आज्जीला ओळखत नाही. मला तिला तिकडे वाढवायचंय.”

“आणि डोंगर?”

“डोंगर छानच आहे हो,” ती म्हणाली. “पण तुम्ही तो मला विकायला आणलाय.”

माझ्या तोंडात चार उत्तरं तयार होती. एक वर्ष थांब. दोन महिने तिकडे, दहा महिने इकडे. चांगली होती सगळी. मुलगी झोपेत माझा स्वेटर मुठीत धरून होती. मी ती उत्तरं गिळली.

“जा,” मी म्हणालो.

“रागानं?”

“राग आहेच. पण जा.”

तिनं माझे हात आपल्या काखेत घेतले आणि ते गरम होईपर्यंत सोडले नाहीत.

सकाळी रस्ता उघडला. मुलगी बर्फ खाऊन बघत होती, ट्रकवाले तिला हसत होते. बायकोनं पेन्सिल मागितली आणि फळीवरच्या यादीखाली लिहायला बसली. खिंडीचं नाव आम्हाला माहीत नव्हतं, उंचीही नाही. तिनं लिहिलं, ‘इथे आम्हाला थंडी वाजली.’

जूनमध्ये त्या दोघी गेल्या. त्याच महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, मी गाडीला नवा हीटर बसवून घेतला. पूर्ण भावानं. सुलैबियातला माझा मेकॅनिक हसून हसून खाली बसला. थंडीत त्या येत तेव्हा आम्ही वर डोंगरात जायचो, हीटर बसवल्यापासून दोनदा गेलो. मग इराण-इराकची लढाई पेटली आणि तो रस्ता संपला. गाडी दुकानामागे धूळ खात उभी राहिली. मेहुण्याशी मी अजून धड बोलत नाही. त्याचा दोष नव्हता हे मला माहीत आहे, पण इतकी वर्षं सांभाळलेला राग फुकट कसा टाकायचा?

गाडी विकायला काढली तेव्हा बायकोचं पत्र आलं. ‘फळी तेवढी काढून आणा.’

घ्यायला आलेला माणूस रत्नागिरीकडचा, मासळीच्या धंद्यातला. त्यानं सगळी गाडी फिरून बघितली आणि ओट्याखाली बोट दाखवून म्हणाला, “शेट, हा हीटर काढून घ्या नि तेवढे कमी करा. कुवेतात हीटर काय करायचा?”

“हीटर राहू दे,” मी म्हणालो. “त्याचे पैसेही देऊ नकोस. पण ही फळी मी काढून घेणार.”

त्यानं फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपल्याच जातीचा माणूस भेटल्यासारखा हसला. “मग फळीचे किती कमी?”

“तूच सांग,” मी म्हणालो आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आत गेलो.