सोमवारची साखळी

माझे बाबा मोजणीदार. आई म्हणायची, "यांच्या हातून भाजी जळेल, पण भिंत वाकडी राहायची नाही." बाबा म्हणायचे, "जमीन असते तिथेच असते. आपण मोजतो ते भांडण."

वापरून वापरून मोजणीच्या साखळीच्या कड्या झिजतात आणि साखळी लांबते. म्हणून दर सोमवारी बाबा ती कचेरीच्या व्हरांड्यातल्या दोन खुंट्यांत ताणून तपासायचे आणि वहीत नोंद करायचे. निवृत्त झाल्यावर त्या वह्या त्यांनी घरी आणल्या. एका सकाळी एका पानावर ते थबकले. 'साखळी चार बोटं लांब. दुरुस्त केली.'

"तारीख बघ," ते म्हणाले. "आदल्या दिवशी, रविवारी, मी तुझ्या आत्याची जागा मोजली होती. घरचंच काम म्हणून साखळी तपासली नाही."

रस्त्यापासून सहा साखळ्या, दर साखळीमागे चार बोटं जास्त. म्हणजे हद्दीचा दगड शेजारच्या शिंपीकाकांच्या जागेत हातभर आत गेला होता. आणि त्या हातभर जागेत आत्याचं लिंबाचं झाड होतं, तिच्या नवऱ्याने जाण्याआधी लावलेलं.

"तीस वर्षांत काकांनी ब्र काढला नाही," मी म्हटलं. "झाकलेलं कशाला उकरायचं?"

"माझ्या दगडावर विश्वास ठेवला, म्हणून नाही काढला."

मला रागच आला. हा माणूस सख्ख्या बहिणीच्या मुळावर उठलाय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याकडे गेलो. बाबांनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, झाडाकडे पाहिलं आणि आत निघून गेली. बाबा मोजणीच्या टेपची पेटी मांडीवर घेऊन अपराध्यासारखे बसून राहिले. मग आत्या चपला घालून बाहेर आली.

"त्या दिवशीही रस्त्याकडचं टोक मीच धरलं होतं," ती म्हणाली. "आण इकडे."

रस्त्याकडच्या दगडापाशी बसून तिने टेपचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं. बाबा टेप सोडत झाडापर्यंत गेले. शिंपीकाका कुंपणापाशी येऊन उभे राहिले होते. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं.

बाबांनी टेप ताणला, वाकून आकडा पाहिला. झाड हद्दीच्या पलीकडेच होतं.

"किती?" आत्याने तिकडून विचारलं.

बाबांनी आकडा पुटपुटला.

"मोठ्याने सांग, दादा," ती म्हणाली. "शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे."