सासऱ्यांसमोर न दुखणारे पोट

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाईंच्या केसपेपरवर सिस्टरने लिहिले होते, ‘पेन नाही’, म्हणजे दुखत नाही. नाडी मात्र एकशे वीस होती.

“पाहिलंत? स्पायनल दिलं की दुखणंच नाही!” आमचे सर्जनसाहेब म्हणाले.

माझे निवृत्त सहकारी आजही हा प्रसंग इथेच संपवतात. स्पायनलमुळे बाईला दुखले नाही, म्हणून ती वाचली, असे सांगतात. ते चूक आहे. साठच्या दशकात यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या दवाखान्यात भूल देणारा मी होतो.

नेरच्या शेवंताबाईंच्या पित्ताशयात खडे होते. चुलीच्या धुराने छातीत कफ साठलेला. तोंडावर जाळी धरून थेंबथेंब ईथर दिले असते, तर तो आणखी वाढला असता. म्हणून मी पाठीच्या कण्यात सुई घालून स्पायनल दिले. त्याने छातीखालचे अंग बधिर होते आणि रोगी जागा राहतो. निर्णय माझा होता, साहेबांचा नव्हे.

परंतु स्पायनल दोन-तीन तासांत उतरते. मग बरगडीखालची जखम प्रत्येक श्वासाला दुखते. रोगी श्वास आखडतो, खोकत नाही. कफ साचून न्यूमोनिया होतो. बाईंना खोकता येणे, यावर त्यांचा जीव अवलंबून होता.

ईथरचे रोगी शुद्धीवर येताना वॉर्ड डोक्यावर घेत. स्पायनलचे गप्प असत. त्यांना कमी दुखते, असे साहेब मानत. प्रामाणिकपणे सांगतो, तोवर मीही मानत होतो.

मी खाटेजवळ गेलो. बाईंचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. उशाशी स्टुलावर सासरे, गुलाबराव.

“आमची सून मोठी सोसनारी हाय, डाक्टरसाहेब. हूं का चूं नाही केलं तिनं,” ते अभिमानाने म्हणाले.

पदराखालचा श्वास चिमणीसारखा उडत होता.

“गुलाबराव, तुम्ही जरा चहा घेऊन या.”

“मले नाही पायजे चहा.”

“मग माझ्यासाठी आणा.”

ते दाराबाहेर जाताच बाईंनी पदर सारला. चेहरा घामाने भिजलेला.

“मरून राह्यली मी, डाक्टरसाहेब! श्वास घेतला का पोटात सुरी फिरते.”

“मग सिस्टरला काहून नाही सांगितलं?”

“मामाजी बसून राह्यले न! त्यायच्यासमोर कशी कण्हू?”

मी पेथिडीन मागवले. हे जोरदार वेदनाशामक.

“त्याने श्वास मंदावेल,” साहेब म्हणाले.

“दुखण्याने तो बंद पडत आलाय. जबाबदारी माझी. लिहून देतो.”

लिहून दिले. इंजेक्शन लागू पडल्यावर जखमेवर उशी दाबून धरली आणि बाईंना खोकायला लावले. तिसऱ्या खोकल्याला कफ सुटला. संध्याकाळी नाडी नव्वदवर आली, तेव्हा माझ्याही जिवात जीव आला. दहा दिवसांनी शेवंताबाई चालत जाऊन नेरच्या गाडीत बसल्या.

ईथरच्या रोग्याला जागे होताना पुरती शुद्ध नसते, म्हणून लाजही नसते. स्पायनलवाल्याला दोन्ही असतात. त्यानंतर त्या वॉर्डात नातेवाइकांना बाहेर काढल्याखेरीज ‘पेन नाही’ असे मी कुणाला लिहू दिले नाही.

सहकाऱ्यांनी त्यांच्या गोष्टीत स्पायनल खुशाल ठेवावे. फक्त स्टुलावर गुलाबरावांनाही बसवावे.