नाव द्याल त्याचीच मोजणी

मोजणीकाकांचा स्वभाव असा, की पंख्याचं बटण दाबायचं तरी खोलीतल्या चौघांना विचारून दाबणार. ऑफिसात त्यावरून त्यांची टिंगल व्हायची आणि ते ती कधी मनावर घ्यायचे नाहीत. प्रोग्रॅम कुठे अडखळतो, कुठे वेळ खातो, हे शोधणारं साधन त्यांनी एकट्याने उभं केलं होतं. चालत्या प्रोग्रॅममध्ये शिरून ते जागोजागी मोजणीच्या ओळी घालायचं. पण ज्या प्रोग्रॅमचं नाव लिहून द्याल त्याच्यातच. नाव दिलं नाही, तर कशालाच हात लावायचं नाही.

नवी गिऱ्हाइकं यावर वैतागायची. काकांच्या निवृत्तीला आठवडा उरला असताना टीमच्या प्रमुख बाई त्यांच्या टेबलाशी आल्या.

"काका, नाव दिलं नाही तर सरसकट सगळं मोजायचं, असं करून टाकूया का? लोकांना कोरा अहवाल मिळतो आणि ते आपल्या नावाने खडे फोडतात."

"पूर्वी तसंच होतं."

"मग बदललं कशाला?"

बावीस वर्षं ही गोष्ट त्यांनी बायकोलाही धड सांगितली नव्हती. आज सांगितली. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या एका कचेरीत ड्युट्यांचा तक्ता छापणारा प्रोग्रॅम रखडत होता. काकांनी साधन लावलं. नाव द्यायची सक्ती नव्हती, म्हणून दिलं नाही. साधन त्या यंत्रावरच्या सगळ्यांतच शिरलं, फोन नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्येसुद्धा. तो मंदावला. एका बाईंसाठी गाडी नऊ मिनिटं उशिरा निघाली आणि त्या वाचल्या नाहीत.

चौकशीत ठपका कुणावरच आला नाही. काकाच आपल्या पायांनी त्या बाईंच्या नवऱ्याकडे गेले. स्वयंपाकघरात दोनच खुर्च्या होत्या. त्या माणसाने त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

प्रमुख बाईंनी लॅपटॉप उघडून त्या बदलाची आधीच करून ठेवलेली नोंद पुसून टाकली. "राहू दे काका, आहे तसंच ठेवू." मग हळूच म्हणाल्या, "ते काहीच बोलले नाहीत?"

"शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं गं." काका म्हणाले. "त्यांनी एवढंच विचारलं, तो तक्ता का रखडत होता, ते तरी सापडलं का?"

"मग?"

"सापडलं होतं. त्याच दुपारी दुरुस्तही झालं. मी त्यांना हो म्हणालो."