मैनाच्या नडगीवरचा खड्डा

हे आजवर माझ्याच पोटात राहिलं. रिटायर झाले तेव्हा शाल-नारळ घेतला, लोक चांगलंचुंगलं बोलले — तेव्हाही गप्पच होते. आता सांगते, कारण गप्प राहून दमले.

ऐंशीच्या दशकात राजुऱ्याकडच्या जंगलपट्टीत मी नर्स होते. आमच्याकडे पाय सुजला की जो तो हत्तीपाय म्हणे. मीच समजवायची — जुना हत्तीपाय टणक असतो, अंगठ्यानं दाबला तरी दबत नाही. दिवसभर उभं राहून आलेली सूज झोपल्यावर उतरते. पण दाबल्यावर खड्डा राहिला, सकाळी तोंडही सुजलेलं दिसलं, तर लघवी तपासायची. बाई पोटुशी असेल तर त्याच दिवशी, नाहीतर झटके येऊन जीव जातो. सगळं तोंडपाठ होतं मला. मग?

माझ्याच एका गावातल्या मैनाला आठवा महिना होता. नडगीवर अंगठा दाबला — खड्डा तसाच राहिला. पापण्याही सुजलेल्या. लघवी नळीत घेऊन दिव्यावर तापवायची, पांढरी झाली की तिला मोठ्या दवाखान्यात धाडायचं. एवढंच तर काम. पण दिव्यात स्पिरिट नव्हतं. ते मी घरी स्टोव्ह पेटवायला वापरून संपवलं होतं, चहासाठी. तिच्या चुलीवर तापवता आलं नसतं का? आलं असतं. पण ऊन होतं, दोन गावं बाकी होती, जिवावर आलं. न तपासताच कार्डावर लिहिलं — लघवीत दोष नाही.

पाचव्या दिवशी तिला झटके आले. दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीतच गेली. बाळही गेलं.

भेटायला गेले तर तिच्या सासूनं, राजूबाईनं, माझा हात धरला. "म्याच तिले मोहं वेचाले धाडलं. टोपलं जड होतं. त्याच्यानंच झालं का वो बाई?"

कार्ड माझ्या पिशवीत होतं. नाही, एवढंच म्हणायचं होतं — आणि मी म्हणाले, "ओझं उचलाले नाई पाह्यजे होतं."

त्यानंतर राजूबाई मोहाला गेली नाही. दारासमोरच्या झाडाखाली फुलं सडायची, तिनं एक उचललं नाही. मी दर महिन्याला त्या घरी जायची, तिच्या हातचा चहा प्यायची — कसा उतरत होता घशाखाली?

सून आपण मारली, असंच ती मरेपर्यंत समजत राहिली. मी तिला तसं समजू दिलं.